ई-कोर्ट्सवर माझ्या नावाची ट्रॅफिकची केस दिसते. ती वाचायची कशी आणि कागद कुठून काढायचे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. नव्या नोकरीआधीच्या पडताळणीत कंपनीने कळवलं की पुण्याच्या न्यायालयात तुमच्या नावावर एक 'एस.सी.सी.' प्रकरण आहे, निकाली निघालेलं, आणि त्यापुढे 'प्लीड गिल्टी', म्हणजे 'गुन्हा कबूल', असा शेरा आहे. तुम्हाला आठवतं ते इतकंच की २०१९ मध्ये हेल्मेट नव्हतं म्हणून ५०० रुपये भरले होते. आता विचारताय की हा गुन्ह्याचा रेकॉर्ड झाला का, आणि मूळ कागद कुठे मिळतील.

मी फौजदारी वकिली करते आणि असे लोक माझ्याकडे दर महिन्याला येतात. पहिलं सांगणं हे की कंपनीला आज काहीच लिहून देऊ नका. 'हो, माझीच केस' असंही नको आणि 'माझा काही संबंध नाही' असंही नको. आठवडाभराची मुदत मागून घ्या. आधी कागद बघा, मग बोला.

तुमच्या आठवणीतले ५०० रुपये नेमके कुठे भरले, यावर सगळं अवलंबून आहे. रस्त्यावर हवालदाराकडे, चौकीत किंवा ई-चलनाच्या संकेतस्थळावर आपण जी रक्कम भरतो तिला बोलताना दंड म्हणतात, पण कायद्यात ते तडजोड शुल्क आहे. मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० मध्ये ही सोय आहे, आणि त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की तडजोड झाली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे कोणतीही कारवाई करायची नाही. म्हणजे खटला नाही, शिक्षा नाही, दोषीही नाही. न्यायाधीशांसमोर 'गुन्हा कबूल' म्हणून भरलेली रक्कम मात्र खरा दंड असते, म्हणजे शिक्षा असते, मग ती १०० रुपयांची का असेना. लोकांच्या लेखी दोन्हीकडे पैसेच गेलेले असतात, त्यामुळे पाच वर्षांनी कुणाला फरक आठवत नाही. पोलिसांची चलनाची नोंदवही वेगळी आणि न्यायालयाची वेगळी. चलनाच्या पानावर 'पेड' दिसलं म्हणून न्यायालयातलं प्रकरण आपोआप मिटत नाही. उलट न्यायालयात निकाल लागूनही चलन 'अनपेड' राहिलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

म्हणून दोन्हीकडे बघा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक घातले की चलनं दिसतात. २०१९ चं चलन तिथे 'पेड' असेल तर पावती उतरवून ठेवा.

मग ई-कोर्ट्स, म्हणजे न्यायालयांतल्या प्रकरणांची माहिती देणारं संकेतस्थळ. कंपनीने १६ अक्षरांचा सी.एन.आर., म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिला असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. पहिली दोन अक्षरं राज्याची (एमएच), पुढची दोन जिल्ह्याची, मग न्यायालयाचे दोन अंक, सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष. क्रमांक दिला नसेल तर मागून घ्या. तोही मिळाला नाही तर नावाने शोधावं लागेल, आणि तिथे लोक दोन ठिकाणी अडतात. एक म्हणजे वर्ष. तिथे घालायचं वर्ष गुन्ह्याचं नसतं, न्यायालयात प्रकरण नोंदलं गेलं त्याचं असतं. २०१९ ला काही नाही सापडलं तर २०२०, २०२१ बघा, आणि 'पेंडिंग' व 'डिस्पोज्ड' दोन्ही निवडा. दुसरं म्हणजे नावाचं स्पेलिंग. नावं चलनावरून टंकलेली असतात, तेव्हा आडनाव आधी, वडिलांचं नाव गाळलेलं, 'व्ही'चा 'डब्ल्यू' झालेला, असं सगळं करून बघा. पुण्यात शिवाजीनगरबरोबर पिंपरी, खडकी आणि लष्कर इथलीही न्यायालयं तपासा. ज्या हद्दीत गाडी अडवली तिथे प्रकरण जातं, तुम्ही कुठे राहता त्याला महत्त्व नाही.

पान उघडलं की नावावर थांबू नका, कायदा आणि कलमाच्या रकान्याकडे जा. 'एस.सी.सी.' म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. पण त्यात फक्त ट्रॅफिक येतं असं नाही. चेक न वटल्याची कलम १३८ ची प्रकरणंही आपल्याकडे याच नावाखाली नोंदतात. पडताळणी करणाऱ्या माणसाला हे माहीत असतंच असं नाही. कायदा मोटर वाहनांचा असेल तर कलमं सगळं सांगतात. जुन्या हेल्मेटच्या प्रकरणात १२९ सह १७७ दिसेल, नव्यात १९४ डी. ३ सह १८१ म्हणजे परवान्याविना गाडी चालवणं, १४६ सह १९६ म्हणजे विमा नसणं. १८५ दिसलं तर प्रकरण दारू पिऊन गाडी चालवल्याचं आहे. त्याला तडजोड नाही, ते न्यायालयातच जातं, आणि पहिल्या वेळीही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि प्रकरणाचा प्रकार 'आर.सी.सी.', म्हणजे नियमित फौजदारी खटला, असेल, कलमांत भारतीय दंड संहितेचं २७९ किंवा १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं २८१ असेल, तर तो बेदरकारपणे गाडी चालवल्याचा पोलीस खटला आहे. त्यासाठी वकील गाठा.

तारखाही नीट बघा. घटनेची तारीख आणि प्रकरण दाखल झाल्याची तारीख शेजारी ठेवा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण ते मागावं लागतं आणि कारण द्यावं लागतं. तुमच्यासारख्या निकाली प्रकरणात हा मुद्दा आता फारसा उपयोगाचा नाही. ज्यांची प्रकरणं अजून चालू आहेत त्यांनी मात्र तो सोडू नये.

निकालाच्या रकान्यात 'प्लीड गिल्टी' म्हणजे गुन्हा कबूल केला आणि शिक्षा झाली. 'कलम २५८' (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं) असा शेरा असेल तर न्यायालयाने कारवाई थांबवून आरोपीला मोकळं केलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम २८१ झालंय. चालू प्रकरणात 'अनरेडी' शब्द दिसतो, तो तयारी नसल्याचा नाही. समन्स किंवा वॉरंट अजून बजावलं गेलेलं नाही म्हणून प्रकरण पुढे सरकत नाही, असा त्याचा अर्थ. त्याच्याआधी 'एन.बी.डब्ल्यू.' असेल तर अजामीनपात्र वॉरंट निघालंय. ते पाहून घरी बसू नका. पुढच्या तारखेची वाट न बघता वकिलाबरोबर जाऊन वॉरंट रद्द करून घ्या.

एवढं वाचूनही खरी गोष्ट या पानावर कळत नाही, ती रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दर तारखेच्या नोंदीत, असते. हे मी घरात शिकले. बाबांनी २०११ मध्ये जुनी स्कूटर ओळखीच्या माणसाला विकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, त्याने ते आरटीओत भरलेच नाहीत. आपणही १४ दिवसांत कळवायचं असतं हे बाबांना माहीत नव्हतं. २०१६ मध्ये एक पोलीस शिपाई बाबांच्या नावाचं वॉरंट घेऊन दारात उभा राहिला. बाबा तेव्हा ७१ वर्षांचे होते, त्यांनी आयुष्यात चौकीची पायरी चढली नव्हती. ते काही बोलले नाहीत, आत जाऊन शर्ट बदलून आले आणि मला विचारलं, "पिशवीत काय काय घेऊ?"

दुसऱ्या दिवशी मी फाइल बघायला अर्ज केला. संकेतस्थळावर तीन ओळी होत्या. रोजनाम्यात प्रत्येक तारखेची नोंद होती: 'आरोपी गैरहजर. समन्सवर शेरा, सदर पत्त्यावर राहत नाही. जामीनपात्र वॉरंट काढावे.' आम्ही २०१३ मध्ये घर बदललं होतं, समन्स जुन्या वाड्यात जाऊन परत येत होतं. आणि फाइलच्या तळाशी जागेवरच्या चलनाची कार्बन प्रत होती, चालकाच्या सहीसकट. सही इंग्रजीत होती, खाली रेघ ओढलेली. बाबांनी आयुष्यभर देवनागरीत सही केली, पेन्शनच्या कागदावरसुद्धा. त्या एका सहीवर आणि विक्रीच्या कागदांवर न्यायालयाने बाबांविरुद्धची कारवाई थांबवली. ऑनलाइन पान बघून मी दंड भरून मोकळी झाले असते, तर बाबांच्या नावावर न केलेल्या गुन्ह्याची कबुली कायमची राहिली असती. त्यामुळे सांगते, फाइल उघडल्याशिवाय कबुली देऊ नका, कितीही किरकोळ रक्कम असली तरी.

तुमच्याकडे 'कबुली' आधीच नोंदलेली आहे, म्हणून ती कुणी दिली हे आधी बघायचं. संक्षिप्त खटल्याचं रेकॉर्ड फार मोठं नसतं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २६३ मध्ये रकाने ठरवून दिले होते: क्रमांक, गुन्ह्याची तारीख, आरोपीचं नाव, आई-वडिलांचं नाव आणि पत्ता, गुन्हा, आरोपीचं म्हणणं, निष्कर्ष, शिक्षा. कबुलीच्या प्रकरणात सगळं एकदोन पानांत मावतं. पण त्यात वडिलांचं नाव आणि पत्ता असतो, जो ई-कोर्ट्सच्या पानावर बहुतेक दिसत नाही. नावबंधूंचा घोळ इथे सुटतो. पुण्यासारख्या शहरात एकाच नाव-आडनावाची माणसं किती असतील याचा अंदाज करा.

ती पानं मिळवायला नक्कल अर्ज करायचा. न्यायालयाच्या आवारात नक्कल विभाग असतो. अर्जावर प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष, न्यायाधीशांचं न्यायालय, निकालाची तारीख आणि 'रोजनामा, चलन, कबुलीजबाब व निकाल' असं हवं ते नावानिशी लिहा, कोर्ट फी स्टॅम्प लावा. नुसतं 'सर्व कागद' लिहिलं की अर्ज परत येतो. नक्कल शिक्का-सहीची मागा, कंपनीपुढे झेरॉक्सला किंमत नाही. जुनी फाइल अभिलेख कक्षात गेली असेल तर आठ-पंधरा दिवस लागू शकतात, तातडीची नक्कल मागता येते. लहान खटल्यांचे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका. काहीजण माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. त्यात वेळ जातो, कारण न्यायिक कागदांसाठी न्यायालयाच्या नियमांप्रमाणे नक्कलच काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ठरवलंय.

एक शक्यता तुमच्या बाबतीत मला दाट वाटते. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी बऱ्याच न्यायालयांत किरकोळ प्रकरणांची विशेष मोहीमही चालते. एसएमएस येतो, माणूस जातो, रांगेत उभा राहतो, सही करतो, पैसे भरतो आणि 'लोकअदालतीत मिटवलं' म्हणून घरी येतो. प्रत्यक्षात त्याची सही कबुलीजबाबावर असते. तडजोड असेल तर निकालाच्या रकान्यात लोकअदालतीचं नाव येतं, कबुली असेल तर 'प्लीड गिल्टी'. तुम्ही कधी अशा रांगेत उभे होतात का, आठवून बघा. व्हर्च्युअल कोर्टाचं, म्हणजे चलनांसाठीच्या ऑनलाइन न्यायालयाचंही तसंच आहे. तिथे मोबाइलवर दंड भरला की प्रकरण निकाली निघतं, आणि 'कंटेस्ट' निवडलं की नेहमीच्या न्यायालयात जातं. त्या बटणावर बोट ठेवण्याआधी चलनातला फोटो मोठा करून नंबरप्लेट वाचा.

आता कंपनीचं. नक्कल पाहून माणूस दुसराच निघाला तर नक्कल आणि तुमचं आधार एवढं पुरे. प्रकरण तुमचंच असेल तर लपवू नका. कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी आहे, पण कलम १७७ खालच्या हेल्मेटच्या दंडाची आहे, हे नकलेवरून कुणालाही दिसतं. 'कधी दोषी ठरलात का' या प्रश्नाला 'होय, मोटर वाहन कायदा, कलम अमुक, दंड इतका, भरला' असं लिहून नक्कल जोडा. माझ्या अशिलांपैकी ज्यांना त्रास झाला ते 'नाही' लिहून नंतर सापडलेले होते. पासपोर्टच्या अर्जातही न्यायालयात प्रलंबित फौजदारी प्रकरण विचारतात. तुमचं निकाली आहे, पण दुसरं एखादं चालू असेल तर ते आत्ताच शोधा.

सी.एन.आर. क्रमांक इथे उत्तराखाली टाकू नका, त्यावरून कुणीही तुमचं पान उघडू शकतं. नुसती कलमं, निकालाचा शेरा आणि दोन्ही तारखा लिहा, मी वाचून सांगते.