हॉट टब घेताय? आधी जमीन आणि वीज बघा

न्यू जर्सीतल्या घरी हॉट टब, म्हणजे बसून शेकायचा गरम पाण्याचा टब, घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन! पण जेट (पाण्याचे जोरदार फवारे) किती, दिवे कोणत्या रंगाचे, हे सगळं नंतर. पहिला खर्च टबखालच्या जमिनीचा. दीड हजार लिटर पाणी म्हणजेच दीड टन. वर टब आणि चार माणसं. खाली चार इंची काँक्रीटचा स्लॅब हवा. लाकडी डेकवर ठेवायचं मनात असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

मग वीज. २४० व्होल्टच्या टबला साधारण ५० अँपिअरची स्वतंत्र लाइन, जीएफसीआय ब्रेकर (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा) आणि परमिट लागतं. इथे ओळखीतला हौशी माणूस नको, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच बोलवा.

नव्या लोकांचं खरं बिनसतं ते पाण्यात:

- टेस्ट स्ट्रिप (पाणी तपासायची कागदी पट्टी) आठवड्यातून दोन-तीनदा बुडवा. पीएच (पाण्याची आम्लता) ७.२ ते ७.८, जंतू मारणारं क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ३ भाग.
- फिल्टर नियमित धुवा, पाणी तीन-चार महिन्यांनी बदला.
- आंघोळ करूनच उतरा. कपड्यांत डिटर्जंट राहिलं असेल तर जेट लावताच फेसच फेस! आणि दिवाळीत अंगाला तेल चोपडून तर मुळीच नको, फिल्टरची वाट लागते.

जानेवारीत विजेचं बिल बघून टब बंद करू नका. पाइपात पाणी गोठलं की दुरुस्ती त्याहून महाग पडते. त्यापेक्षा झाकण जाड घ्या, आणि घरात लहान मुलं असतील तर कुलूपवालंच. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका.

पाणी स्वच्छ ठेवायचे बाकीचे प्रकार, ओझोन, मिठाची सिस्टिम वगैरे, एक हिवाळा काढल्यावर बोलू.