शिजवलेला खिमा : वाचकांचे प्रश्न

पत्रं वेगळी, गोंधळ तोच. म्हणून एकदाच सगळ्यांना.

प्रश्न : शिजवलेला खिमा फ्रीजमध्ये किती दिवस ठेवावा?

उत्तर : तीन, फार तर चार दिवस. तेही फ्रीज ४ अंशांवर किंवा त्याखाली असेल तर.

प्रश्न : दोन किलो खिमा केला. गरम पातेल्याने फ्रीज बिघडतो म्हणतात, म्हणून रात्रभर ओट्यावरच ठेवला. सकाळी खळखळून उकळला. खाल्ला तर चालेल ना?

उत्तर : नाही. टाकून द्या.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात. खिमा कोमट झाला की ते जागे होतात आणि झपाट्याने वाढतात. हवा तर त्यांना नकोच असते. रात्री झोपण्यापूर्वी पातेल्यात डाव खुपसून बघा : कडेचा खिमा गार, मधला अजून उबदार. वर तेलाचा तवंग, त्यावर झाकण. जंतूंना याहून चांगलं अंथरूण कोण घालणार? ‘उकळलं की सगळं मरतं’ हे शेजारणीचं शास्त्र. हाताला लागून येणारा स्टॅफिलोकॉकस उकळीने मरेल, पण त्याने आधीच सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही.

गॅस बंद केल्यापासून दोन तासांत खिमा फ्रीजमध्ये गेला पाहिजे. खोली ३२ अंशांच्या वर तापली असेल, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात, तर एका तासात. पसरट ताटात दोन बोटं जाडीचा थर करा, ताट गार पाण्याच्या परातीत ठेवा आणि वाफ जिरली की लहान डब्यांत भरा. कोमट डब्याने फ्रीज बिघडत नाही. खात्री हवी तर मेकॅनिकला विचारा, व्हॉट्सॲपला नको.

प्रश्न : ‘सात दिवस ताजं’ असं लिहिलेला हवाबंद डबा आणलाय.

उत्तर : तो खिमा डबा विकणाऱ्याला खायचा नाहीये. चार दिवसच.

प्रश्न : वास चांगला येतोय. जरा चाखून ठरवू?

उत्तर : नको. गरम मसाला भलेभले वास झाकतो, आणि आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास असतोच असं नाही.

प्रश्न : एकदरवाजी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात महिनाभर ठेवू का?

उत्तर : त्यासाठी उणे १८ अंश लागतात. त्या कप्प्यात आईस्क्रीम मऊ पडत असेल तर विषय संपला. नक्की आकडा कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

प्रश्न : सासरे ७८ वर्षांचे. काल शिळा खिमा-पाव खाल्ला, आज पोटात कळा आणि जुलाब. ओवा दिलाय. उद्यापर्यंत वाट पाहू?

उत्तर : माझ्या उत्तराचीसुद्धा वाट पाहिली नसेल अशी आशा आहे. ओआरएस घोटघोट देत राहा आणि आजच डॉक्टरांकडे न्या. जुलाब थांबवायची गोळी मनाने देऊ नका. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, हे कागदावर लिहून सोबत घ्या. आणि ते पातेलं अजून फ्रीजमध्ये असेल तर घरात आणखी कोणी त्याला हात लावणार नाही, हे पाहा.