बी.फार्म करून कॅनडात यायचंय? आधी काउंटरवर बोलायला शिक

तू विचारलंयस की बी.फार्म झालंय, कोल्हापुरात मेडिकलमध्ये तीन वर्षं काढलीत, तर कॅनडात फार्मासिस्ट आणि पुढे मॅनेजर व्हायला किती वेळ लागेल. मी 2016 ला आलो, लायसन्स हातात पडायला तीन वर्षं गेली, मॅनेजर व्हायला अजून तीन. मी ओंटारिओत आहे त्यामुळे इथलंच सांगतो, क्यूबेकचा कारभार वेगळा आहे.

आधी कागद. फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडा या वेबसाइटवर नाव नोंदव, मग पीईबीसीकडे, म्हणजे फार्मासिस्टच्या परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडे, डॉक्युमेंट इव्हॅल्युएशन. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाने थेट पाठवावं लागतं, फार्मसी कौन्सिलचं पत्रही तसंच, तू स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. हे सगळं तिकडे असतानाच उरक, माझ्यासाठी भावाला विद्यापीठात चार चकरा माराव्या लागल्या आणि दरवेळी साहेब जेवायला गेलेले. नुसतं डी.फार्म, म्हणजे डिप्लोमा, असतं तर हा रस्ताच नव्हता.

मग इव्हॅल्युएटिंग एक्झाम, ती पास झालास की क्वालिफाइंगचे दोन भाग, पहिला एमसीक्यू, दुसरा ऑस्की. एमसीक्यूला आपली पोरं मार खात नाहीत. ऑस्कीत मात्र समोर पेशंट म्हणून खरा माणूस बसवलेला असतो. मी पहिल्यांदा तिथेच नापास झालो. एक बाई वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, घेत होत्या, मी पालेभाज्यांवर आणि व्हिटॅमिन केवर असं लेक्चर ठोकलं की विचारू नकोस, पण "अजून काही घेता का?" हे विचारलंच नाही. बाईंच्या पर्समध्ये पाठदुखीसाठी आयब्युप्रोफेन! दोन्ही एकत्र म्हणजे रक्तस्त्रावाचा धोका. आपल्याकडे काउंटरवर गर्दी, आपण कात्रीने स्ट्रिप कापतो, "जेवणानंतर घ्या" म्हणतो, संपला विषय. ती सवय मोडायलाच मला वर्ष लागलं.

म्हणून परीक्षा चालू असतानाच असिस्टंटची नोकरी धर, त्यात लाज कसली. इथे बऱ्याच गोळ्या सुट्ट्या बाटलीत येतात, ट्रेवर स्पॅच्युलाने पाच-पाच करून मोजायच्या, आजी-आजोबांचे आठवड्याचे ब्लिस्टर पॅक भरायचे, इन्शुरन्सने क्लेम नाकारला की फोन लावायचा. फोनवरची म्हातारी काय म्हणतेय ते कळायला लागलं की समज निम्मं काम झालं. वर ओंटारिओत कायद्याचा पेपर आणि पेस नावाची, फार्मसीत काम करताना बघून होणारी असेसमेंट आहेच, ते धरून हिशोब कर.

आता मॅनेजर. इथे प्रत्येक फार्मसीला एक डेझिग्नेटेड मॅनेजर लागतो, काही चुकलं की कॉलेज त्याला विचारतं. कॉलेज म्हणजे शिकायचं नव्हे, ओंटारिओ कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्स. त्या धास्तीने मी सुरुवातीला आमच्या टेक्निशियनने चेक केलेलं प्रत्येक पाकीट परत उघडून मोजायचो. ती तिथे पंधरा वर्षं होती, रजिस्टर्ड होती, म्हणजे गोळी-लेबल बरोबर आहे का हे सही करून सांगायचा तिला अधिकारच आहे, औषध त्या माणसाला योग्य आहे का हे बघणं माझं काम. एका सोमवारी रांग दारापर्यंत गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "तू माझं काम करतोयस, मग तुझं कोण करणार?" कान गरम झाले माझे. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पाकिटांना हात लावला नाही. आणि ते बरंच झालं, कारण 1 जानेवारी 2023 पासून ओंटारिओत फार्मासिस्टला 13 किरकोळ आजारांवर प्रिस्क्रिप्शन लिहायची मुभा मिळाली, डोळे आले, साधं युरिन इन्फेक्शन असलं काही घेऊन लोक सरळ आमच्याकडेच यायला लागले. मी गोळ्या मोजत बसलो असतो तर त्यांना आत खोलीत बसवून विचारपूस कोणी केली असती?

व्हिसाचं मला विचारू नकोस, नियम सारखे बदलतात. कौन्सिलच्या पत्राचा अर्ज या आठवड्यात टाक, आणि थंडीचे बूट तिकडून आणू नकोस, माझे पहिल्याच बर्फात फाटले.