क्षमा, माफी, दिलगिरी : पाळकांनी गुन्हा केला तर कुठला शब्द?

प्रश्न आपल्या कोल्हापुरातल्याच एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगतो. त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, पाळकांनी (पास्टरांनी) संडे स्कूलला शिकवणाऱ्या एका तरुण बाईंना वर्षभर नको ते मेसेज पाठवले, तिनं सांगितलं तेव्हा तीच खोटी ठरली आणि तिचं शिकवणं बंद झालं, मग कमिटीतल्या चौघांनी मेसेज स्वतःच्या डोळ्यांनी वाचले आणि पुढच्या रविवारी पाळकसाहेब उपासनेत उभे राहून रडले, म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली, मी पडलो, पण प्रभूनं मला क्षमा केलीय, आता मंडळीनंही करावी." आता जे कोणी यावर बोलतात त्यांना तिथले वडील, म्हणजे एल्डर लोक, सांगतात की तुम्ही माफ करत नाही म्हणजे तुम्हीच ढोंगी. ताई विचारतात, क्षमा आणि माफी एकच का, ढोंगी आणि दांभिक यात फरक काय, आणि कमिटीला अर्ज द्यायचाय त्यात नेमकं काय लिहू. जाता जाता एक ओळ अजून आहे, याच पाळकांनी आमच्या बाळाला बाप्तिस्मा दिलाय, तो आता चालतो का. ही ओळ वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

माझं बालपण इथल्या ख्रिस्ती घरातच गेलं. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ ला आले तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत एक वेगळी मराठी रुजलीय, पाळक, मंडळी, अर्पण, साक्ष, वचन हे शब्द आमच्याकडे चहा-साखरेसारखे वापरले जातात. आणि रोज रात्री जेवणाआधी आजी प्रभूची प्रार्थना म्हणायची, त्यात एक ओळ यायची, "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." मला लहानपणी वाटायचं ही प्रार्थना आजोबांच्या सोसायटीच्या पीककर्जाबद्दल आहे. पुढं कळलं की मी फार चुकत नव्हतो, कारण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये तिथं खरंच देणं, उधारी या अर्थाचा शब्द आहे, लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी पाप आहे, आणि दोन्हीकडे जे क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी 'ऋण सोड' असं ठेवलं ते फार मोलाचं काम केलं असं मी म्हणेन, कारण ऋण म्हटलं की घेणेकरी आलाच, तो वाक्यातून पळू शकत नाही.

माफी शब्दाचंही तेच. हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, मुळात पुसून टाकणे असा भाव, आणि मराठीत तो आधी वसुलीच्या कागदांत बसला, सारा माफ, दंड माफ, फी माफ. आजही तलाठ्यापासून कॉलेजच्या क्लार्कपर्यंत सगळे तो त्याच अर्थानं वापरतात. २०१७ च्या योजनेला लोक कर्जमाफी म्हणाले, २०१९ च्या योजनेच्या तर नावातच कर्जमुक्ती आलं, आणि हा फरक नुसता कागदावरचा नाही, शेतकरी संघटनेचे लोक कितीतरी आधीपासून सांगत होते की आम्ही काय गुन्हा केलाय म्हणून माफी, मुक्ती म्हणा. म्हणजे बघा, माफी म्हटलं की आज मराठी कानाला गुन्हा ऐकू येतो. पण आपल्या प्रश्नासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की कर्ज माफ झालं असं कर्जदार स्वतः जाहीर करू शकत नाही. खातं ज्याच्याकडे आहे तो लिहून देतो, आणि माफ झालेली रक्कम कुणाच्या तरी खिशातून जाते, सरकारच्या म्हणा नाहीतर बँकेच्या. पाळकसाहेबांनी स्वतःच उभं राहून माझं खातं मिटलं म्हणून सांगितलं, आणि ज्या बाईंचं देणं होतं त्या तेव्हा चर्चमध्ये नव्हत्याच, त्यांना येऊ नका म्हणून सांगितलेलं होतं.

देवापाशी त्यांचं काय झालं यावर मी बोलणार नाही, तो माझा विषय नाही आणि तो त्या वडिलांचाही नाही. पण ज्या पुस्तकावर हात ठेवून ते बोलले त्याच पुस्तकात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. क्रम तिथं स्पष्ट दिलाय. आधी माणूस, मग वेदी.

आता क्षमा. हा संस्कृत, क्षम् म्हणजे सहन करणे, पेलणे, समर्थ असणे. क्षमता, सक्षम, कार्यक्षम हे सगळे याच घरातले, आणि पृथ्वीलाही क्षमा म्हणतात कारण ती सगळ्यांचा भार पेलते. म्हणजे माफी हा हिशोबाचा शब्द आणि क्षमा हा देणाऱ्याच्या बळाचा शब्द. ज्याच्या अंगात पेलायची ताकद आहे तो क्षमा करतो. मग जिचं काम काढून घेतलं, जिला खोटी ठरवलं, जिला आज रस्त्यात ओळखीची माणसं बघून न बघितल्यासारखं करतात, तिच्याकडं क्षमा वसूल करायला जाणं हे त्या शब्दाच्या धातूपासूनच चुकीचं आहे. आधी तिला सक्षम करा. तिची जागा परत द्या, तिनं खरं सांगितलं होतं हे त्याच चर्चमध्ये त्याच माईकवरून सांगा. मग ती क्षमा करेल किंवा करणार नाही, ते तिचं आहे.

दिलगिरीचं थोडक्यात, हा फारसी, दिल धरलं जाणं, मन जड होणं. दिलगिरी व्यक्त करणारा फक्त एवढंच सांगतो की मला वाईट वाटतंय. कुणाचं काय घेतलं यातलं काही त्या शब्दात येत नाही, म्हणूनच तो पत्रकांत इतका आवडता आहे.

पाळकसाहेबांच्या वाक्यातली क्रियापदं मात्र मला जास्त बोचतात. 'चूक झाली', 'मी पडलो'. चर्चच्या मराठीत 'पापात पडणे' रूढच आहे, आणि पडणे हे अकर्मक, त्याला कर्म लागत नाही, आंब्याच्या झाडाखाली माणूस चालता चालता पडावा तसं. मेसेज मात्र कुणीतरी कुणालातरी पाठवावे लागतात. 'मी तिला मेसेज पाठवले', 'मी कमिटीला खोटं सांगितलं', 'माझ्यामुळं तिचं काम गेलं', या वाक्यांत दुसरं माणूस आलंच पाहिजे, टाळताच येत नाही. चूक या शब्दाच्या बाजूनं एक सांगायला हवं, नव्या करारात पाप म्हणून जो ग्रीक शब्द आहे, हमार्तिया, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असाच आहे, म्हणजे व्युत्पत्तीनं चूक म्हणणं अगदी परकं नाही. पण आज आपण चूक कशाला म्हणतो, बेरजेत एक धरायचा राहिला तर, केएमटीची बस चुकली तर. वर्षभर रोज रात्री ठरवून केलेल्या गोष्टीला हा शब्द पुरत नाही.

आणि बायबलमधल्या दावीद राजाचं उदाहरण अशा वेळी हमखास येतं, ताईंच्या पत्रातही होतं, की दाविदानं दुसऱ्याची बायको घेऊन पाप केलं तरी देवानं त्याला टाकलं नाही. ५१ वं स्तोत्र वाचतात, त्यात दावीद देवाला म्हणतो की तुझ्याविरुद्धच मी पाप केलंय. पण त्या आधीची गोष्ट वाचत नाहीत. नाथान संदेष्टा राजाकडं जाऊन एका गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो, शेजारच्या श्रीमंतानं ती उचलून पाहुण्याला शिजवून घातली, आणि राजा चिडून म्हणतो त्यानं चौपट भरून द्यावं, तेव्हा नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दंड राजानं स्वतःच्या तोंडानं ठरवला होता, चौपट. लूकमधला जक्कय जकातदारही तेच म्हणतो, कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. आपण पश्चात्ताप म्हणतो त्यात नंतरचा ताप तेवढाच आहे, होरपळ. हिब्रूत त्या जागी माघारी वळणे असा शब्द आहे आणि ग्रीकमध्ये मन पालटणे. ताप रडून उतरतो. माघारी वळायचं तर जिथून घेतलं तिथपर्यंत पायांनी जावं लागतं.

शब्द बरोबर असला म्हणजे सगळं झालं असंही नाही हे इथंच सांगतो, कारण मी शब्दांवर एवढं बोलतोय. अमेरिकेतले टीव्हीवरचे प्रचारक जिमी स्वॅगर्ट १९८८ च्या फेब्रुवारीत हजारो लोकांसमोर रडले. त्यांनी चूक म्हटलंच नाही, मी याला पाप म्हणतो असं स्वच्छ सांगितलं, बायकोचं नाव घेऊन तिच्याविरुद्ध पाप केलं म्हणाले. व्याकरण अगदी चोख. पण त्यांच्या पंथानं वर्षभर उपदेश बंद ठेवा म्हटल्यावर ते त्यांनी मानलं नाही, पंथानं त्यांची दीक्षा काढून घेतली, आणि तीनेक महिन्यांत ते परत व्यासपीठावर आले. याच्या उलट २०२४ च्या नोव्हेंबरात कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे सर्वात वरचे धर्मगुरू, जस्टिन वेल्बी यांनी पद सोडायचं जाहीर केलं, स्वतः छळ केला म्हणून नाही तर दुसऱ्यानं मुलांचा केलेला छळ कळूनही पुरेसं काही केलं नाही म्हणून, आणि व्यक्ती म्हणून आणि संस्था म्हणून जबाबदारी माझी असं लिहिलं. तेही त्यांनी चौकशीचा अहवाल बाहेर आल्यावर, चहूकडून दबाव वाढल्यावर केलं, आणि पुढच्याच महिन्यात हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हसतखेळत भाषण केल्याबद्दल परत माफी मागायची वेळ आली. पण खुर्ची सोडली, आणि आपल्या ताईंच्या मंडळीत तेवढंही झालेलं नाही.

आता ढोंगी. बायबलमध्ये ढोंगी येतं तिथला ग्रीक शब्द हुपोक्रितेस, याचा मूळ अर्थ नाटकातला नट. मराठीत याला व्युत्पत्तीनं सगळ्यात जवळचा शब्द ढोंगी नाही, सोंगाड्या आहे. पण भाषांतरात ढोंगी आलं ते योग्यच, कारण सोंगाला आपल्याकडं मान आहे. नाट्यगृहात नट राजा होतो तेव्हा बघणाऱ्याला माहीत असतं आणि नटालाही माहीत असतं, पडदा पडला की तो रंग पुसून रंकाळ्यावर भेळ खायला जातो. सोंगात दोघांची संमती आहे. ढोंगात बघणाऱ्याला अंधारात ठेवलेलं असतं. दांभिक त्याहून पुढचा, ढोंग एका वेळेपुरतं असू शकतं, झोपेचं ढोंग, पोटदुखीचं ढोंग, पण दंभ हा माणसाच्या स्वभावात मुरलेला असतो, गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी सुरूच दंभापासून होते. आणि त्यावर पोट भरत असेल तर आपण सरळ भोंदू म्हणतो.

यावरून ताईंच्या मनातली एक गाठ सुटेल असं वाटतं. माणूस पाप करतो म्हणून ढोंगी होत नाही, नाहीतर कुणीच उपदेश करायला नको. मेसेज पाठवणं हे पाप, आणि कायद्याच्या भाषेत गुन्हा. त्याच आठवड्यात व्यासपीठावरून तरुण पोरींच्या कपड्यांवर बोलणं हे ढोंग. आणि जी आपलं दुःख आहे तसं सांगते, मला अजून माफ करता येत नाही म्हणते, तिनं काहीच लपवलेलं नाही, तिला ढोंगी म्हणणं हे मराठी म्हणूनच चुकीचं आहे. साताच्या सत्तर वेळा क्षमा करा हे तिला ऐकवतात, पण त्याला जोडून जी चाकराची गोष्ट येते त्यात डोंगराएवढं कर्ज माफ झालेला चाकर बाहेर येऊन कुणाचा तरी गळा धरतो. मंडळीनं वर्षानुवर्षं ज्याला मान दिला, राहायला घर दिलं, तो कोण आणि गळा कुणाचा धरला गेला हे वाचणाऱ्यानं बघावं.

बाप्तिस्म्याचं. ताई, चालतो, अगदी निर्धास्त राहा. हा प्रश्न सतराशे वर्षं जुना आहे. रोमन साम्राज्यानं ख्रिस्ती लोकांचा छळ केला तेव्हा, ३०३ च्या सुमारास, काही धर्मगुरूंनी घाबरून पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले, आणि मग उत्तर आफ्रिकेत दोनातस पंथाचे लोक म्हणाले की अशा पतितांच्या हातचे संस्कार व्यर्थ. तिथलाच बिशप ऑगस्टीन यानं त्यांच्याशी वर्षानुवर्षं वाद घातला, म्हणाला बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. अँग्लिकनांच्या श्रद्धेच्या ३९ कलमांत २६ वं कलम हेच सांगतं. पण लोक ते कलम अर्धंच सांगतात. त्याच कलमात पुढं आहे की अशा सेवकांची चौकशी व्हावी, ज्यांना माहिती आहे त्यांनी आरोप ठेवावा, आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून काढावं. तुमच्या बाळाचा संस्कार शाबूत आहे म्हणून पाळकांची खुर्चीही शाबूत राहावी असं त्यातून निघत नाही. आणि पाळक हा तर पाळणे वरून आलेला शब्द. आपल्याकडं आदमापूरच्या बाळूमामांची बकरी शिवारातून जाताना सगळ्यांनी बघितलीत, त्यात पाळणारा मागनं चालतो, लंगड्या बकऱ्याजवळ थांबतो. शब्द पाळणे, पथ्य पाळणे, बकरी पाळणे, तिन्हीकडं क्रियापद एकच आहे.

अर्जाबद्दल शेवटी. ढोंगी, दांभिक यातलं काहीच लिहू नका, विशेषण लिहिलं की कमिटी विशेषणावर भांडत बसते. 'गैरवर्तन'सुद्धा नको, त्यात कोण कुणाशी ते दिसत नाही. क्रियापदं लिहा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाळकांनी शिक्षिकेला मेसेज पाठवले, अमुक तारखेला तिनं कमिटीला सांगितलं, अमुक तारखेला कमिटीनं तिला काढलं. 'काढण्यात आलं' नको, 'कमिटीनं काढलं'. मुलगी अठराच्या आतली असती तर हा अर्ज कमिटीला नाही, पोलिसांना द्यावा लागला असता, पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानं ते बंधनकारक आहे, आणि आताही पोलिसांचा रस्ता त्या बाईंना मोकळाच आहे, कमिटी काय म्हणते यावर तो अवलंबून नाही. मागणीत 'माफी मागावी' एवढंच लिहून थांबू नका, ती तर रडून मागून झालीय. तिचं शिकवणं परत द्यावं, तिला खोटी ठरवलं ते मंडळीसमोर मागं घ्यावं, चौकशी बाहेरच्या माणसांकडून व्हावी आणि तोवर पाळकांनी उपदेश थांबवावा, असं लिहा. आणि अर्ज देण्याआधी एकदा तिला वाचून दाखवा, नाव घालायचं का ते तिलाच विचारा, ती नको म्हणाली तर नुसतं 'शिक्षिका' ठेवा.