पाणी मागायचं तरी कसं?

"ताई, मुलगा आपल्या भाषेत बोलतच नाही हो, काय करू?" मराठी आयांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. पण यातलं खरं काय ते मला एका आर्मेनियन घराने शिकवलं, म्हणून आज त्यांचीच केस सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

मी लॉस एंजेलिसच्या शेजारी ग्लेंडेलला समुपदेशनाची प्रॅक्टिस करते, इथे आर्मेनियन वस्ती एवढी मोठी की दुकानांच्या पाट्यासुद्धा त्यांच्या लिपीत दिसतात. तर एक आई 13 वर्षांच्या मुलाला घेऊन आली, सोबत आजी. तक्रार काय, तर पोरगं शनिवारच्या आर्मेनियन शाळेत जात नाही, 24 एप्रिलच्या, म्हणजे आर्मेनियन नरसंहाराच्या स्मृतिदिनाच्या मोर्चाला येणार नाही म्हणालं, आणि घरात काहीही विचारा, उत्तर इंग्लिशमध्येच. आई म्हणे याला आपल्या माणसांची लाज वाटते. आजी फक्त एक शब्द बोलली, "ओदार". म्हणजे परका, आपल्यातला नसलेला. पोराची मान खाली गेली. शब्द कळला होता की त्याला, चांगलाच कळला होता!

आजीचा राग समजून घ्यायला हवा. तिचा जन्म बैरूतजवळच्या बुर्ज हमूदचा. ऑटोमन तुर्की साम्राज्यात 1915 ला आर्मेनियन लोकांचा नरसंहार झाला, त्यातून जीव वाचवून आलेले लोक तिथे वसले आणि मोहल्ल्यांना सुटलेल्या गावांचीच नावं दिली, नोर मराश, नोर अदाना, 'नोर' म्हणजे नवं. 1975 ला लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि ही माणसं पुन्हा घरदार सोडून निघाली. आर्मेनियनची दोन रूपं, पूर्व आणि पश्चिम. आजी बोलते ती पश्चिम आर्मेनियन, युनेस्कोने 2010 मध्ये धोक्यातल्या भाषांमध्ये धरलेली. त्यामुळे नातवाचा एक शब्द चुकला की तिला वाटतं आणखी एक गाव गेलं.

मुलाशी एकट्याने बोलले. दोन सेशन तो नुसता हुडीच्या दोरीला गाठी मारत बसला. तिसऱ्यांदा म्हणाला, "पाणी मागू तरी कसं?" मला काही कळेना. मग उलगडलं. आजीच्या बोलीत पाणी म्हणजे 'चुर'. पण ग्लेंडेलमध्ये आर्मेनियाची राजधानी येरेवानहून आणि इराणहून आलेले खूप, ते पूर्व आर्मेनियन बोलतात, त्यांचं पाणी 'जुर'. नमस्काराचंही तेच, आजीचं 'पारेव', मित्रांचं 'बारेव'. अक्षरं तीच, मेस्रोप मश्तोत्स या धर्मपंडिताने 405 साली बनवलेली, उच्चार वेगळे. हा वर्गात 'चुर' म्हणाला तर पोरं फिदीफिदी हसली, घरी 'जुर' म्हणाला तर आजी म्हणाली आपल्यात असं बोलत नाहीत. मग काय, 'वॉटर'. त्याला कोण हसणार?

मला एकदम माझं आठवलं. मी अमरावतीची, पुण्यात हॉस्टेलला माझ्या 'करून राहिले'ची इतकी नक्कल व्हायची की वर्षभर मी मेसमध्ये हिंदीच बोलले. मराठीची लाज होती का मला? नव्हती ना.

पुढे माझीच एक चूक झाली, तीही सांगते. मी म्हटलं रोज रात्री जेवताना फक्त आर्मेनियन बोला. पोराने सात मिनिटांत जेवण उरकलं आणि खोलीत गेला. आठवडाभर तेच! ताटावर बसवून भाषा येत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.

मग नियम बदलला. रविवारी आजी मांती करते, खिम्याच्या एवढ्याश्या होड्या, दोन्ही टोकं चिमटून ट्रेमध्ये खेटून लावायच्या, भाजायच्या, वर दही आणि सुमाक, म्हणजे एक आंबट लाल मसाला. मोदकाच्या पाऱ्या करणाऱ्यांना कळेल किती किचकट काम ते. तेवढा एक तास नातू शेजारी बसणार, कुठल्याही भाषेत बोलणार, खिचडी केली तरी चालेल, आणि आजीने एकही शब्द सुधारायचा नाही. नातवाला नियम नाहीच, नियम फक्त आजीला. ती भडकली माझ्यावर. आईने भाषांतर जरा मवाळ केलं असावं, कारण आजी बरंच लांब बोलली आणि माझ्यापर्यंत आलं फक्त "तिला पटत नाहीये".

पण केलं तिने. महिन्याभरात पोरगं विचारायला लागलं की नोर मराश तर जुनं मराश कुठंय. त्याचं शनिवारच्या शाळेत जाणं अजून बंदच आहे, आणि मी आईला म्हटलं की राहू दे. मोर्चाला मात्र गेला, आजीची खुर्ची उचलून.

शेवटच्या सेशनला खूप ऊन होतं. येऊन बसला आणि आजीकडे हात करून म्हणाला, "जुर." आजीचं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मिटलं. पर्समधून बाटली काढली, झाकण सैल केलं आणि त्याच्या हातात दिली.