"मॅडम, याच्या खोलीत जोकर का?"

अकरावी-बारावीच्या मुलांचे आईवडील हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला येताना एक काळजी हमखास घेऊन येतात. मुलाच्या डीपीवर, मोबाइलवर, भिंतीवर बॅटमॅन नाही, त्याचा शत्रू, कॉमिक्समधला खलनायक जोकर आहे. हा पुढे तसाच होणार का? कोथरूडच्या एका आईने तर खोलीतल्या पोस्टरचा फोटोच आणला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हिरवे केस, पांढरा चेहरा, लालभडक फाकलेलं हसू आणि खाली मुलाच्या अक्षरात, 'सगळे नाटकी'. वडिलांनी ते एकदा टराटरा फाडलं, मुलाने चिकटपट्टी लावून परत जोडलं. त्या फोटोत मला सगळ्यात बोलकी वाटली ती चिकटपट्टी.

मुलगा सायन्सला, कॉलेज नावापुरतं, बाकी दिवसभर जेईईचा क्लास. हाताची घडी घालून बसला. मी विचारलं, "तुला कुठला जोकर आवडतो?"

तो सावरून बसला. हा प्रश्न उगाच नव्हता. १९४० साली बॅटमॅनच्या पहिल्या अंकात आलेला जोकर थंड डोक्याचा खुनी होता. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवर बंधनं आली आणि तो नुसता खोडकर विदूषक उरला; १९७३ मध्ये पुन्हा खुनी झाला. त्यामुळे 'जोकर आवडतो' एवढ्यावरून काहीच कळत नाही.

"२००८च्या 'द डार्क नाइट' सिनेमातला. २०१९च्या सिनेमातला रडका आहे."

"त्यातला कुठला सीन?"

"नोटांचा ढीग जाळतो तो." थोडं थांबून म्हणाला, "आमच्याकडे जेवताना रोज क्लासच्या फीचा विषय निघतो."

आईने मान खाली घातली.

मुलांना ओढ असते ती क्रौर्याची, असं मला बहुतेक वेळा दिसत नाही. ज्याला मार्कांची, पैशांची, कुणाच्या शाबासकीची गरजच नाही असा माणूस त्यांना बघायचा असतो. त्यात जोकरला पक्का भूतकाळ नाही. २००८च्या सिनेमात तो गालावरच्या व्रणांच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो; १९८८च्या 'द किलिंग जोक' या कॉमिकमध्ये आपलं पूर्वायुष्य आपल्याला दर वेळी निराळं आठवतं, अशी कबुलीच देतो. त्या रिकाम्या जागेत कुणीही आपलं दुखणं ठेवू शकतो.

या मुलाने ते कॉमिक वाचलेलं होतं. एक वाईट दिवस कुणालाही वेडं करू शकतो, हे त्यातलं जोकरचं म्हणणं त्याने मला ठासून सांगितलं. मी म्हटलं, "मग गॉर्डनचं काय झालं?" जोकरने त्याच्या मुलीला गोळी घातली, त्याचे हाल केले, तरी तो पोलीस कमिशनर जोकरला कायद्यानेच पकडा म्हणतो. मुलगा गप्प. मग स्वतःच म्हणाला, "सिनेमात बोटीवरची माणसंही बटण दाबत नाहीत." त्यात जोकर दोन बोटींवर बॉम्ब ठेवतो आणि दुसरी बोट उडवायचं बटण प्रत्येक बोटीवरच्या माणसांना देतो.

'वेडा म्हणून क्रूर' हे समीकरण मात्र या कथांनी फार आळसाने वापरलं आहे. मानसिक आजार असलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा हिंसा सोसतात जास्त. हे मी मुलालाही सांगितलं आणि आईलाही.

पोस्टरची काळजी करू नका, असं मी पालकांना सांगते. बघायचं ते वेगळंच: झोप उडाली आहे का, मित्र तुटले का, मुक्या जनावराला किंवा लहान भावंडाला दुखवून मजा वाटते का, हत्यारं जमवतो का, 'जगून काय करायचं' असं बोलतो का. यातलं काही असेल तर वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे. या मुलात यातलं काही नव्हतं; होतं ते फक्त रात्री दोन-दोनपर्यंत जागरण.

वडील पुढच्या वेळी आले, जरा घुश्शातच. "फी भरतो तर बोलायचंही नाही का?" बोला की, पण ताटावर नको, एवढंच मी म्हटलं. ते त्यांनी मान्य केलं. क्लास चालू ठेवायचा की नाही, यावर तिघांचं अजून एकमत नाही, त्यामुळे पुढच्या सत्राला तिघंही येणार आहेत.