विळीची धार टिकत नाही?

प्रश्न : घरची जुनी लोखंडी विळी चाकावर धार लावून आणली. चार दिवसांत पुन्हा बोथट. काठावर निळसर पट्टा दिसतो. पाते बदलावे का?

उत्तर : लगेच नको. दोष त्या निळ्या पट्ट्यात आहे. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पाते जोरात दाबले की पातळ काठ सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, पोलाद निळे पडते आणि त्याचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतो. मऊ पडलेल्या काठावर धार लागते, पण टिकत नाही. मात्र नुकसान बहुधा काठापुरतेच असते. खात्रीसाठी पट्ट्यावर आणि मग खाली चांगल्या भागावर कानस फिरवून पाहा. पट्ट्यावर ती जास्त चावली, तर तेवढाच भाग दगडाने हळूहळू झिजवून काढा. दोन्हीकडे सारखीच चावली तर पातेच मऊ आहे. मग ते बदललेले बरे.

विळी पाजवताना पाते स्थिर हवे, दगड फिरवायचा. पाट आडवा करून क्लॅम्पने टेबलाला आवळा. पात्याला आतून बाक असतो, त्यामुळे रुंद सपाट दगडाचे फक्त कोपरे टेकतात आणि धार लाटालाटांची होते. कोयता-विळ्यासाठी मिळतो तो होडीच्या आकाराचा दगड घ्या. ४ सेंमी रुंद दगडाची मागची कड पात्यापासून सव्वा सेंमी उचलली की जवळपास १८ अंशांचा कोन मिळतो. दगड ओला ठेवा, बोटे काठाच्या मागे. पलीकडच्या बाजूला मुळापासून टोकापर्यंत खरखरीत कड बोटाला जाणवेपर्यंत एकच बाजू घासा. ती कड येण्याआधीच बाजू बदलण्याची घाई बहुतेकांना नडते. मग दुसरी बाजू. शेवटी बारीक दगडाचे आठ-दहा हलके हात, आलटून पालटून. टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की झाले.

प्रश्न : खवणीचे दात बोथट झालेत.

उत्तर : छोटी तिकोनी कानस प्रत्येक खाचेत फक्त पुढे ढकला, मागे ओढू नका. दर खाचेला सारखेच तीन हात. दातांची टोके वरून घासू नका, दात आखूड होतात.

प्रश्न : घडीच्या विळीचे पाते डुगडुगते.

उत्तर : रिव्हेट सैल झाली आहे. एक डोके जड लोखंडावर टेकवून दुसऱ्यावर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या आणि दर दोन-तीन ठोक्यांनी पाते उघडून पाहा. जास्त ठोकले तर घडी अडकते. शेवटी सांध्यात खोबरेलाचा एक थेंब.